विचारणारा आणि सांगणारा

गावगाड्यात पूर्वी जागल्या असायचा. गाव झोपलं की तो काठी घेऊन गस्त घाली, वावगं काही दिसलं तर हाळी देई. मराठी वर्तमानपत्रांनी 'व्हिसलब्लोअर'साठी हाच शब्द उचलला आणि तो चपखल बसला. मात्र जुन्या जागल्याला गावानेच नेमलेलं असे, हाळी देणं हे त्याचं कामच होतं. आजचा जागल्या स्वतःहून उठतो, बहुतेकदा आपल्याच कार्यालयाविरुद्ध हाळी देतो, आणि त्यानंतर त्याचं काय होईल याची हमी कुणी घेतलेली नसते.

सरकारी कारभारातली गडबड बाहेर येते ती मुख्यतः दोन माणसांमुळे. एक बाहेरचा, अर्ज करून कागद मागणारा. दुसरा आतला, कागद रोज हाताळणारा आणि त्यात काय चाललंय हे पाहून न राहवणारा. पहिला विचारतो, दुसरा सांगतो. विचारणाऱ्यासाठी आपल्याकडे २००५ चा माहितीचा अधिकार कायदा आहे. सांगणाऱ्यासाठी संसदेने २०१४ मध्ये कायदा केला, पण तो आजवर एक दिवसही लागू झालेला नाही. हे दोन कायदे एकमेकांवाचून अर्धे आहेत असं माझं ठाम मत आहे. का, ते नीट उलगडून सांगतो.

हा हक्क आला कुठून

माहितीचा अधिकार २००५ मध्ये सरकारने दिला असं अनेकांना वाटतं. खरं तर तो राज्यघटनेतच आहे. १९७५ मध्ये उत्तर प्रदेश सरकार विरुद्ध राज नारायण या खटल्यात सरकार काही कागद दाखवायला तयार नव्हतं. त्या निकालात न्यायमूर्ती के. के. मॅथ्यू यांनी लिहिलं की लोकांच्या सेवकांनी लोकांसाठी म्हणून केलेली प्रत्येक सार्वजनिक कृती जाणून घेण्याचा लोकांना हक्क आहे. पुढे न्यायालयांनी हा हक्क कलम १९(१)(क) मधल्या भाषण आणि अभिव्यक्तीच्या स्वातंत्र्याशी पक्का बांधला. काय चाललंय हेच ठाऊक नसेल तर बोलणार कशावर, इतका साधा तो तर्क आहे.

तरी हक्क पुस्तकात असणं वेगळं आणि तहसीलच्या खिडकीवर मिळणं वेगळं. ही खिडकी उघडली ती राजस्थानातल्या मजुरांनी. अरुणा रॉय, निखिल डे, शंकर सिंह यांच्यासोबत १९९० मध्ये उभ्या राहिलेल्या मजदूर किसान शक्ती संघटनेचा प्रश्न पोटाचा होता. दुष्काळी कामावर मजुरी पूर्ण मिळत नव्हती. तुमच्या नावावर कमी काम लिहिलंय, असं उत्तर मिळे. मग लोक म्हणाले, लिहिलंय ते दाखवा. मस्टर, म्हणजे मजुरांचा हजेरीपट, दाखवायला नकार आला, कारण सरकारी कागद गुप्त असतात असाच रिवाज होता; १९२३ चा शासकीय गुपितांचा कायदा इंग्रज मागे ठेवूनच गेले होते. डिसेंबर १९९४ मध्ये कोट किराना गावात पहिली जनसुनवाई झाली. मिळालेले कागद गावासमोर मोठ्याने वाचले गेले, आणि जी कामं झालीच नव्हती, जी माणसं कामावर गेलीच नव्हती, ती सगळी त्या कागदांवर सापडली. १९९६ मध्ये ब्यावरला ४० दिवसांचं धरणं झालं. 'हमारा पैसा, हमारा हिसाब' ही घोषणा त्याच लढ्यातली.

आपल्याकडे गोव्याने १९९७ मध्येच स्वतःचा कायदा केला होता. महाराष्ट्राने २००० साली केलेला कायदा फारच लेचापेचा होता. अण्णा हजारे यांच्या आंदोलनामुळे २००२ चा अधिक दमदार कायदा आला, आणि त्यावर शिक्कामोर्तब व्हायलाही ऑगस्ट २००३ मध्ये आझाद मैदानावरचं उपोषण लागलं. केंद्राचा कायदा १२ ऑक्टोबर २००५ रोजी जम्मू-काश्मीर सोडून देशभर लागू झाला, आणि त्याच दिवशी पुण्यातल्या एका पोलीस ठाण्यात देशातला पहिला अर्ज पडला. हा इतिहास एवढ्यासाठी सांगितला की 'आरटीआयवाले' हा शब्द आज कार्यालयांमध्ये शिवीसारखा वापरला जातो. ज्या कायद्याचं मूळ मजुराच्या बुडालेल्या मजुरीत आहे, त्याला तसं नाव पडावं याचं मला मनापासून वाईट वाटतं.

अर्ज कसा चालतो: एका रस्त्याची गोष्ट

कलमांची यादी देण्यापेक्षा माझ्या एका अर्जाची हकीकत सांगतो. आमच्या तालुक्यात तीन किलोमीटरचा एक रस्ता झाला आणि दोन पावसाळ्यांत उखडला. मी पहिला अर्ज लिहिला तो असा: 'सदर रस्ता निकृष्ट का झाला आणि याला जबाबदार कोण?' उत्तर आलं की ही बाब माहितीच्या व्याख्येत बसत नाही. मला राग आला, पण कायद्याप्रमाणे ते बरोबर होतं. कलम २(च) नुसार माहिती म्हणजे कोणत्याही रूपात अस्तित्वात असलेलं साहित्य: अभिलेख, टिपणी, ईमेल, परिपत्रक, करार, अहवाल, नमुने. 'का' या प्रश्नाचं उत्तर कुठल्याच कागदावर लिहिलेलं नसेल तर ते तयार करून देण्याचं बंधन अधिकाऱ्यावर नाही. त्यामुळे 'का' विचारू नये, त्या कामाचा कागद मागावा.

दुसऱ्या अर्जात मी मागितलं: कामाचं अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेची (सगळे तिला एमबीच म्हणतात) संबंधित पानं, गुणवत्ता चाचणीचे अहवाल, अंतिम देयक. शिवाय कलम २(ञ) खाली कामाच्या साहित्याचा प्रमाणित नमुना. हे फार थोड्यांना ठाऊक असतं. नागरिकाला प्रती मागता येतात, काम आणि दप्तर प्रत्यक्ष पाहता येतं, टिपणं काढता येतात आणि खडी-डांबराचा नमुनाही मागता येतो. 'का' हा प्रश्न मग आपोआप सुटतो. एमबीत कारपेटची, म्हणजे वरच्या डांबरी थराची, जाडी २० मिलिमीटर लिहिली असेल आणि नमुना नखाएवढा निघाला, तर आणखी काही विचारावं लागत नाही.

राज्य सरकारच्या कार्यालयात अर्ज 'जोडपत्र अ' मध्ये करतात, त्यावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावतात. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला शुल्क नाही. महाराष्ट्राच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय असावा आणि तो साधारण १५० शब्दांत मांडावा. माहिती कशाला हवी हे सांगायचं नसतं, आणि कुणी विचारलं तर ते कलम ६(२) च्या विरुद्ध आहे. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तर तो परत न करता योग्य ठिकाणी ५ दिवसांत पाठवणं हे त्यांचं काम, कलम ६(३). उत्तराची मुदत ३० दिवस, आणि कुणाच्या जिवाचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर ४८ तास. मुदत टळली की नंतर मिळणारी माहिती फुकट द्यावी लागते. बारनिशीत (आवक टपाल घेणाऱ्या टेबलावर) अर्ज देताना दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. पुढचं सगळं या पोचेवर उभं राहतं.

अर्ज करण्याआधी एक सोपा मार्गही पाहावा. राज्य शासनाच्या २०१८ च्या निर्णयानुसार जिल्हा पातळीवरची कार्यालयं आणि स्थानिक स्वराज्य संस्था यांनी दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना दप्तर पाहू द्यायचं आहे. शिवाय कलम ४ प्रमाणे प्रत्येक कार्यालयाने १७ बाबींची माहिती न मागता प्रसिद्ध ठेवायची असते: कोणाचे अधिकार काय, खर्च किती, अनुदानाचे लाभार्थी कोण. हे कलम मनापासून पाळलं तर निम्मे अर्ज करावेच लागणार नाहीत.

माझ्या अर्जाचं काय झालं? तिसऱ्या दिवशी एक फोन आला. कार्यालयातून नव्हे. "भाऊ, रस्त्याचं कशाला विचारताय? भेटू की एकदा." आवाज अनोळखी होता, बोलणं गोड होतं, पण माझ्या अर्जातला मजकूर त्याला शब्दशः ठाऊक होता. त्या रात्री मला या कायद्याची दुसरी बाजू पहिल्यांदा कळली. तिच्याकडे वळायचंच आहे, पण त्याआधी नकाराबद्दल बोलू.

नकाराची कलमं, आणि त्यात नुकताच झालेला बदल

सगळंच मागता येत नाही, आणि येऊही नये. कलम ८(१) मध्ये अपवाद आहेत: देशाची सुरक्षा, न्यायालयाने मनाई केलेली माहिती, व्यापारी गुपितं, तपासात अडथळा आणणारी माहिती, निर्णय होईपर्यंत मंत्रिमंडळाचे कागद. कलम २४ खाली गुप्तवार्ता यंत्रणा वगळल्या आहेत, २०११ पासून सीबीआयसुद्धा. मात्र भ्रष्टाचार आणि मानवी हक्कभंगाच्या आरोपांबाबतची माहिती तिथेही मागता येते. एखाद्या कागदाचा काहीच भाग गुप्त असेल तर तेवढा झाकून उरलेला द्यायचा, हे कलम १० सांगतं. आणि या सगळ्यांच्या वर कलम ८(२) आहे: माहिती उघड करण्यातलं लोकहित हे होणाऱ्या हानीपेक्षा मोठं असेल, तर अपवादात बसणारी माहितीही देता येते, १९२३ चा गुपितांचा कायदा आड आला तरी. नकार आला की अपिलात हे कलम न विसरता लिहावं.

अपवादांपैकी सगळ्यात जास्त वापर होतो तो ८(१)(ञ) चा, म्हणजे खासगी माहितीचा. मूळ कायद्यात त्याला दोन कुंपणं होती. ज्या खासगी माहितीचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही किंवा जिने एखाद्याच्या खासगीपणावर विनाकारण घाला पडेल, तेवढीच नाकारता येई. आणि जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही ती सामान्य माणसालाही नाकारायची नाही, असा खुलासा होता. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याच्या कलम ४४(३) ने ही दोन्ही कुंपणं काढली, आणि हा बदल नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झाला. आता 'वैयक्तिक माहिती' एवढंच म्हणणं पुरतं.

याचा अर्थ व्यवहारात असा. मस्टरवर नावं असतात. घरकुलाच्या यादीत नावं असतात. एमबीवर सही करणाऱ्या अभियंत्याचंही नाव असतं. नाव म्हणजे वैयक्तिक माहिती. राजस्थानातल्या मजुरांनी ज्या कागदाच्या जोरावर हा हक्क मिळवला, तो मस्टरच आज या कलमाखाली नाकारण्याची वाट मोकळी झाली आहे. खासगीपणाचं मोल मला कमी वाटत नाही. कुणाचा आजार, कुणाचं बँक खातं, कुणाच्या घरातलं भांडण हे चव्हाट्यावर येता कामा नये. पण मूळ कलमात त्याची सोय होतीच. ८(२) शाबूत आहे, हे सरकारचं उत्तर खरं आहे. फक्त आता लोकहित मोठं आहे हे पटवून देण्याचं ओझं बहुतेक वेळा अर्जदाराच्या डोक्यावर येणार.

नकार मिळाला किंवा ३० दिवसांत काहीच आलं नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील करायचं, त्याच कार्यालयातल्या वरिष्ठाकडे. महाराष्ट्रात त्याला २० रुपयांचा स्टॅम्प लागतो. निर्णय ३० दिवसांत, फार तर ४५. तिथेही निभाव लागला नाही तर ९० दिवसांच्या आत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं अपील. आयोगाला जन माहिती अधिकाऱ्यावर, म्हणजे अर्जाला उत्तर देण्याची जबाबदारी असलेल्या अधिकाऱ्यावर, दिवसाला २५० रुपये, कमाल २५,००० रुपये दंड करता येतो, आणि तो त्याच्या स्वतःच्या खिशातून जातो. या कायद्याला दात आहेत ते इथेच. पण दाताला धार हवी असेल तर आयुक्त हवेत. जागा रिकाम्या राहतात, अपिलं साचतात, सुनावणीची नोटीस यायला अनेकदा वर्ष उलटतं. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१९ मध्ये या नेमणुका वेळेत करायला बजावलं. त्याच वर्षी झालेल्या दुरुस्तीने आयुक्तांचा कार्यकाळ आणि पगार ठरवण्याचा अधिकार मात्र केंद्र सरकारकडे गेला. आधी पाच वर्षांचा काळ कायद्यातच लिहिलेला होता, पुढे नियमांनी तो तीन वर्षांवर आणला.

असं असूनही हा कायदा काय करू शकतो हे कुलाब्यातल्या ३१ मजली 'आदर्श' इमारतीच्या घोटाळ्याने दाखवलं. कार्यकर्त्यांनी मिळवलेल्या कागदांचा त्यात मोठा वाटा होता, आणि नोव्हेंबर २०१० मध्ये मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांना पद सोडावं लागलं. निवडणूक रोखे १५ फेब्रुवारी २०२४ रोजी रद्द झाले तेही मतदाराच्या माहितीच्या हक्कावर बोट ठेवूनच.

विचारणाऱ्याच्या जिवाचं काय

तळेगाव दाभाडेचे सतीश शेट्टी यांनी मुंबई–पुणे द्रुतगती मार्गालगतच्या जमिनींचे व्यवहार माहिती अधिकारातून खणून काढले होते. धोका आहे म्हणून त्यांनी पोलीस संरक्षण मागितलं होतं. १३ जानेवारी २०१० च्या सकाळी, फिरायला बाहेर पडले असताना, त्यांचा खून झाला. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, तपास सीबीआयकडे गेला, २०१४ मध्ये तो बंद करण्याचा अहवाल दाखल झाला आणि नंतर पुन्हा उघडावा लागला. २०१० मध्येच, २० जुलैला, गीरच्या जंगलालगतच्या बेकायदा खाणींविरुद्ध लढणारे अमित जेठवा गुजरात उच्च न्यायालयाच्या समोर गोळ्या झाडून मारले गेले.

खून करणाऱ्याला अर्जदार कसा सापडतो? अवघड काहीच नसतं. अर्जावर नाव असतं, पत्ता असतो, आणि तो अर्ज चार टेबलांवरून फिरतो. मला आलेला फोन याच वाटेने आला होता. तो अर्ज कुणी दाखवला हे मला कधी कळलं नाही.

यावर जे उपाय खरोखर उपलब्ध आहेत ते सांगतो. कायद्याला अर्जदाराचा फक्त संपर्क हवा असतो, घराचा पत्ता नव्हे. कोलकाता उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१३ मध्ये टपाल पेटीचा क्रमांक पुरेसा आहे असं सांगितलं, आणि केंद्राच्या कार्मिक विभागाने जानेवारी २०१४ मध्ये तसं परिपत्रक काढलं. टपाल कार्यालयात पेटी भाड्याने मिळते. दुसरं, धोक्याचा विषय असेल तर एकाने अर्ज करू नये. वेगवेगळ्या गावांतल्या पाचसहा जणांनी करावा. केंद्रीय कार्यालयांना देशातून कुठूनही अर्ज जातो, राज्याचाही ऑनलाइन अर्ज घरबसल्या भरता येतो. तिसरं, कागद हातात आला की तो एकट्याच्या कपाटात ठेवू नये. माहिती फक्त एकाच माणसाजवळ असते, तोवरच त्याला गप्प करण्यात कुणाचा फायदा असतो. केंद्रीय माहिती आयोगाने सप्टेंबर २०११ मध्ये याच विचाराने ठराव केला होता: अर्जदारावर हल्ला झाला किंवा त्याचा खून झाला, तर त्याने मागितलेली माहिती संबंधित खात्याला संकेतस्थळावर जाहीर करायला लावायची. माझ्या मते हा ठराव प्रत्येक राज्याच्या आयोगाने शब्दशः घ्यायला हवा. खून करून माहिती दडत नाही, उलट साऱ्यांसमोर येते, हे पक्कं झालं तर हात उगारणारा विचार करील.

आतून सांगणारा

आता दुसऱ्या माणसाकडे. सत्येंद्र दुबे हे आयआयटी कानपूरमध्ये शिकलेले अभियंता, राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणात नोकरीला. सुवर्ण चतुष्कोनाच्या बिहारमधल्या कामात चाललेली लूट त्यांनी नोव्हेंबर २००२ मध्ये थेट पंतप्रधानांना लिहून कळवली, आणि आपलं नाव गुप्त ठेवण्याची विनंती केली. पत्र खात्याखात्यांतून पुढे पाठवलं गेलं, नावासकट. २७ नोव्हेंबर २००३ च्या पहाटे गयेत त्यांचा खून झाला. तपास यंत्रणेने तो लुटीच्या हेतूने झाल्याचं म्हटलं आणि तिघांना जन्मठेप झाली. पण नाव फोडलं गेलं हे कुणी नाकारू शकलेलं नाही. मी जेव्हा जेव्हा एखाद्या अर्जावर 'पुढील कार्यवाहीस्तव' असा शेरा वाचतो तेव्हा मला ते पत्र आठवतं.

असा कायदा हवा हे विधी आयोगाने २००१ मध्येच, आपल्या १७९ व्या अहवालात, सांगून ठेवलं होतं. दुबेंच्या मृत्यूनंतर सर्वोच्च न्यायालयाने सरकारला हलवलं आणि २१ एप्रिल २००४ रोजी एक शासकीय ठराव निघाला. 'पब्लिक इंटरेस्ट डिस्क्लोजर अँड प्रोटेक्शन ऑफ इन्फॉर्मर्स' या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून त्याला पीआयडीपीआय (PIDPI) म्हणतात. आज देशात जागल्याला जो काही सरकारी आडोसा आहे तो मुख्यतः हाच, म्हणून तो नीट समजून घ्यावा.

तक्रार केंद्रीय दक्षता आयोगाकडे बंद, चिकटवलेल्या लिफाफ्यातून टपालाने जाते. लिफाफ्यावर पीआयडीपीआय असं ठळक लिहायचं, पण पाठवणाऱ्याचं नाव-पत्ता लिफाफ्यावर लिहायचा नाही. तो आतल्या पत्रात द्यायचा. निनावी तक्रार घेतली जात नाही, कारण आयोग आधी तक्रारदाराकडून खात्री करून घेतो आणि मग नाव वगळून पुढे पाठवतो. आणखी एक गोष्ट जपायची. तक्रारीच्या मजकुरातूनच तुम्ही ओळखू येत असाल, म्हणजे जो तपशील कार्यालयात फक्त तुम्हालाच माहीत होता तो जसाच्या तसा लिहिला असेल, तर नाव लपवून उपयोग होत नाही. तीच तक्रार आधी साहेबांना दिली असेल तर तेही तसंच. आणि मोठी मर्यादा ही की ही सोय केंद्र सरकार, त्याची महामंडळं आणि कंपन्या यांच्यापुरतीच आहे. जिल्हा परिषदेतला लिपिक, महापालिकेतला कनिष्ठ अभियंता, राज्य सरकारचा कुठलाही कर्मचारी तिच्या बाहेर राहतो. महाराष्ट्रात लाच मागितल्याची तक्रार लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या १०६४ क्रमांकावर करता येते, पण आपल्याच कार्यालयातला घोटाळा सांगणाऱ्या लिपिकाची उद्या बदली झाली तर ती रोखणारं कलम त्याच्या हातात नाही.

खासगी क्षेत्रात थोडं बरं आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १७७ नुसार शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांना, आणि ठेवी घेणाऱ्या किंवा बँकांकडून ५० कोटींहून जास्त कर्ज घेणाऱ्या कंपन्यांना, कर्मचाऱ्यांसाठी तक्रारीची सुरक्षित वाट ठेवावी लागते. आतल्या माहितीवर शेअरचे व्यवहार होत असल्याचं कळवणाऱ्याला शेअर बाजारावर देखरेख ठेवणारी सेबी बक्षीसही देते.

ठराव हा ठरावच असतो, त्याला कायद्याची ताकद नसते. म्हणून विधेयक आलं. २०११ मध्ये ते लोकसभेत मंजूर झालं, २१ फेब्रुवारी २०१४ रोजी राज्यसभेत, आणि मे २०१४ मध्ये राष्ट्रपतींची सही झाली. जागल्या संरक्षण कायदा, २०१४. त्यात काय आहे ते वाचलं की हळहळ वाटते, कारण बरंच चांगलं आहे. तक्रार फक्त सरकारी नोकरच नव्हे, कुणीही करू शकतो, म्हणजे सतीश शेट्टींसारखा बाहेरचा माणूसही त्यात बसतो. राज्याचे कर्मचारीही येतात. भ्रष्टाचार, अधिकाराचा जाणूनबुजून गैरवापर, सरकारी नोकराने केलेला गुन्हा यांबद्दल सांगता येतं, घटना सात वर्षांच्या आतली असली पाहिजे. तक्रारदाराचं नाव फोडणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५०,००० रुपयांपर्यंत दंड. जाणूनबुजून खोटी तक्रार करणाऱ्यालाही शिक्षा आहे, दोन वर्षांपर्यंत, आणि ते रास्त आहे. सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे, छळ झाल्याची तक्रार आली तर तो छळ नव्हता हे सिद्ध करण्याची जबाबदारी कार्यालयावर टाकली आहे. बदली, निलंबन, खराब गोपनीय अहवाल यांची कारणं कागदावर नेहमी 'प्रशासकीय' असतात. हा बोजा उलटा टाकल्याशिवाय त्यांच्याशी लढताच येत नाही.

उणिवा आहेतच. निनावी तक्रार चालत नाही, आणि 'छळ' म्हणजे काय याची व्याख्याच दिलेली नाही. पण मुख्य अडचण कलम १(३) मध्ये आहे: केंद्र सरकार अधिसूचना काढून ठरवील त्या तारखेपासून कायदा लागू होईल. ती तारीख आजवर ठरलेली नाही. मे २०१५ मध्ये लोकसभेने एक दुरुस्ती विधेयक मंजूर केलं. त्यानुसार माहिती अधिकारात जी अपवादांची यादी आहे, तसल्या विषयांवरची कागदपत्रं जागल्याला तक्रारीत जोडताच आली नसती, आणि शासकीय गुपितांच्या कायद्यापासूनचं संरक्षणही गेलं असतं. नागरिकाला काय द्यायचं याची गाळणी ही तपास करणाऱ्याला काय सांगायचं यावर बसवणं मला समजत नाही. जागल्या वर्तमानपत्राला नव्हे, सक्षम अधिकाऱ्याला बंद पाकिटात सांगत असतो. ते विधेयक राज्यसभेत अडलं आणि पुढे बारगळलं. मूळ कायदाही जिथे होता तिथेच थांबला.

आज संरक्षणाची आणखी एक वाट आहे, ती साक्षीदार म्हणून. सर्वोच्च न्यायालयाने ५ डिसेंबर २०१८ रोजी साक्षीदार संरक्षण योजना मंजूर केली आणि नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९८ ने प्रत्येक राज्याला अशी योजना करायला सांगितलं आहे. पण साक्षीदार व्हायला आधी गुन्हा नोंद व्हावा लागतो. दुबेंचं पत्र आणि शेट्टींचे अर्ज हे दोन्ही त्याच्या आधीच्या टप्प्यावरचे होते.

माहिती अधिकार कायद्यातच जागल्यासाठी एक छोटी ढाल दडलेली आहे. कलम ८(१)(छ) प्रमाणे जी माहिती दिल्याने कुणाच्या जिवाला धोका होईल किंवा विश्वासाने खबर देणाऱ्याची ओळख फुटेल, ती नाकारता येते. म्हणजे घोटाळेबाज स्वतःच 'माझ्याविरुद्ध तक्रार कुणी केली' असा अर्ज करील, तर अधिकाऱ्याने हे कलम लावून त्याला थांबवायचं. माहिती अधिकाऱ्याचं काम करणाऱ्या प्रत्येकाने हे एक कलम तरी पाठ करावं, ही माझी कळकळीची विनंती आहे.

२०१४ च्या कायद्याची तारीख का ठरत नाही हे विचारायचं असेल तर २००५ चा कायदा आपल्याजवळ आहेच, फक्त 'का' न विचारता. केंद्राच्या कार्यालयालाही आपल्या भागाच्या राजभाषेत, म्हणजे मराठीत, अर्ज करता येतो. मी पाठवलेला मसुदा खाली देतो (त्यातली 'नस्ती' म्हणजे फाईल). ज्याला हवा त्याने उतरवून घ्यावा आणि आपलं नाव घालून पाठवावा.

प्रति, केंद्रीय जन माहिती अधिकारी, कार्मिक व प्रशिक्षण विभाग, नवी दिल्ली.

विषय: जागल्या संरक्षण कायदा, २०१४ ची अंमलबजावणी.

१. कलम १(३) खाली अंमलबजावणीची तारीख ठरवण्यासंबंधीच्या नस्तीतील सर्व टिपण्या व पत्रव्यवहाराच्या प्रती, मे २०१४ पासून या अर्जाच्या तारखेपर्यंत.

२. सदर नस्ती आज ज्या अधिकाऱ्याकडे आहे त्याचं पदनाम आणि ती त्याच्याकडे आल्याची तारीख.

३. सदर नस्तीची पाहणी करण्यासाठी दिवस व वेळ.

माहितीचा काही भाग कलम ८ खाली येत असल्यास कलम १० प्रमाणे उर्वरित भाग द्यावा. शुल्कापोटी १० रुपयांची पोस्टल ऑर्डर सोबत जोडली आहे. उत्तर टपाल पेटीच्या पत्त्यावर पाठवावे.